परिचय करून देताना

मराठी व्याख्यानात वक्ता बोलायला उभा राहीपर्यंत काय काय होतं ते सगळ्यांनाच माहितीय. दीपप्रज्वलन, त्यात पंख्यामुळे समई विझणार, मग कुणीतरी पंख्याचं बटण शोधत धावणार आणि चुकून सगळ्या ट्यूबलाइट घालवणार. मग हार, प्रास्ताविक, मग परिचय, जो 'खरं तर सरांना परिचयाची गरजच नाही' असं म्हणून सुरू होतो आणि सरांच्या मॅट्रिकच्या मार्कांपासून कालच्या पुरस्कारापर्यंत सगळं सांगून झालं तरी संपत नाही. शाल, श्रीफळ, फोटो, फोटोग्राफर म्हणतो 'सर, इकडे बघा', सर परत नारळ घेतात. आणि एवढं सगळं झाल्यावर सर माईकजवळ येऊन म्हणतात, वेळ थोडा आहे, मी थोडक्यात आटोपतो.

मी हे चेष्टेने लिहितेय पण मी याच हॉलांमध्ये वाढलेय. आमच्याकडे उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे आंबे आणि व्याख्यानमाला, आई हाताला धरून न्यायची, मी मागच्या खुर्चीत झोपायचे. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती अजून चालू आहे, आणि मुंबईत पार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ १९२३ चा, गिरगावातला साहित्य संघ १९३५ चा, दादरला अमर हिंद मंडळ, अशी सगळी ठिकाणं. संध्याकाळी साडेसहा-सातला ऑफिसातून थेट येऊन डबा मांडीवर ठेवून तासभर कुणाचंतरी फुकटात ऐकणारी माणसं या शहरात शंभर वर्षं तरी आहेत, आणि त्याचं मला अजूनही नवल वाटतं कारण परतीच्या गाडीची गर्दी काही कमी होत नाही.

तर हा विषय डोक्यात आला तो मात्र वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमुळे. लॉकडाऊनमध्ये मला भांडी घासताना काहीतरी ऐकायची सवय लागली आणि गाणी ऐकून कंटाळा आल्यावर मी त्यांच्या साइटवरची लेक्चर्स लावायला लागले. ती सवय गेली नाही. त्यांच्याकडे बरीच भाषणं दुपारी बारा वाजता होतात, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ, थंडीत साडेदहा. लोक जेवणाच्या सुट्टीत येऊन बसत असणार. लायब्ररीतलाच कुणीतरी उभा राहतो आणि आपल्या कपाटातल्या एखाद्या नकाशाबद्दल किंवा कुणाच्या पत्रांच्या खोक्याबद्दल तासभर बोलतो. ऐकायला फार माणसं नाहीत हे टाळ्यांवरून कळतं, तरी रेकॉर्डिंग मात्र नीट.

आणि परिचय दोन मिनिटांचा! पण त्या दोन मिनिटांत एक वाक्य असतं जे मी आपल्याकडच्या हॉलमध्ये तरी कधी ऐकलेलं नाही. बाई सांगतात, फोन बंद करा, या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग होतंय, आणि शेवटी तुम्ही प्रश्न विचारलात तर तुमचा आवाजही रेकॉर्ड होईल, त्याला तुमची परवानगी आहे असं आम्ही धरून चालतो. हे इतक्या सहज म्हणतात की पहिल्यांदा माझं लक्षच गेलं नव्हतं. म्हणजे प्रश्न विचारणारा माणूसही कार्यक्रमाचा भाग आहे हे आधीच कबूल! पुढे कुणी माईकशिवाय प्रश्न विचारला की वक्ता तो प्रश्न पुन्हा म्हणून दाखवतो, हॉलमधल्यांसाठी नाही, रेकॉर्डिंगसाठी. म्हणजे इथे माझ्यासाठी, सिंकसमोर उभ्या असलेल्या बाईसाठी.

आपल्याकडे प्रश्नोत्तरांचं काय होतं ते आठवा. 'वेळेअभावी प्रश्न घेता येणार नाहीत' हे एक. नाहीतर चिठ्ठ्या. चिठ्ठ्या पुढे पास होतात, अध्यक्ष त्यातल्या दोन वाचतात, बाकीच्या टेबलक्लॉथखाली जातात. आणि माईक फिरवलाच तर पहिला उठणारा काका 'माझा प्रश्न नाही, दोन शब्द बोलायचेत' म्हणून दहा मिनिटं बोलतो. पण मला विचाराल तर मला तो काकाही रेकॉर्डिंगमध्ये हवाय. छापलेल्या भाषणात तो कधीच नसतो ना.

त्या लायब्ररीला या आवाजाच्या कामाची जुनी सवय आहे. लायब्ररी १८०० सालची, पण तिच्या इमारतीत १९२५ मध्ये एलिझाबेथ स्प्रेग कूलिज नावाच्या बाईंनी दिलेल्या पैशातून एक सभागृह बांधलं गेलं, पाचशेच्या आसपास खुर्च्या, चेंबर म्युझिकसाठी. सरकारी लायब्ररीत मैफिलीचा हॉल! पुढे १९३५ मध्ये गर्ट्रूड व्हिटल या दुसऱ्या बाईंनी स्ट्रॅडिव्हरीने बनवलेली वाद्यं देऊन टाकली, पाच, आणि ती वाजत राहिली पाहिजेत असा त्यांचा आग्रह. काचेत ठेवायची नाहीत. मला या दोन बायकांबद्दल फार आदर आहे, एकीने जागा दिली, दुसरीने त्या जागेला काम दिलं.

आणि याच हॉलमध्ये १९३८ च्या मे महिन्यात ॲलन लोमॅक्सने जेली रोल मॉर्टनला पियानोसमोर बसवलं. लोमॅक्स तेव्हा तेवीस वर्षांचा, लायब्ररीच्या लोकगीतांच्या संग्रहाचं काम बघणारा, आणि मॉर्टन न्यू ऑर्लिन्सचा जॅझवाला, जो तोपर्यंत मागे पडला होता, वॉशिंग्टनमधल्याच एका छोट्या क्लबात वाजवायचा. लोमॅक्स नुसता विचारत गेला आणि हा बोलता बोलता वाजवत गेला, वाजवता वाजवता बोलत गेला, न्यू ऑर्लिन्समधल्या अंत्ययात्रा, जुगारी, वेश्यावस्त्या, कोण कसा वाजवायचा त्याच्या नकला. जॅझ आपणच शोधून काढला असाही त्याचा दावा, तोही आहे. आठेक तासांचं रेकॉर्डिंग झालं, आणि मॉर्टन १९४१ मध्ये गेला. एवढ्या मोठ्या सभागृहात श्रोते जवळपास नाहीतच, बोलणारा एक, विचारणारा एक आणि तबकड्या बदलायच्या. मी ते तुकड्यातुकड्याने ऐकलं, त्यात मॉर्टन पायाने ताल धरतो तो ऐकू येतो. हे पुस्तकात कसं येणार होतं?

हे सगळं आता व्हर्जिनियात कल्पेपर नावाच्या गावी ठेवलंय, डोंगराच्या पोटात. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेच्या रिझर्व्ह बँकेने तिथे अणुयुद्ध झालंच तर लागतील म्हणून नोटांचे ढीग ठेवले होते. नोटा गेल्या, २००७ पासून फिल्मा आणि टेपा आल्या. मला हे फार आवडलं, उगाच.

आता कुणीतरी म्हणेलच की अमेरिकेकडे पैसा आहे हो. आहेच. पण त्या पैशात थोडा आपलाही आहे. १९५४ साली त्यांनी पी. एल. ४८० नावाचा कायदा केला आणि त्याखाली आपल्याला गहू विकला, किंमत रुपयात घेतली. आधीच्या पिढीला विचारा, रेशनच्या लाल गव्हाच्या पोळ्यांबद्दल आजी अजून बोलते (आणि त्या गव्हाबरोबरच गाजरगवत आलं असंही सगळे म्हणतात). ते रुपये इथेच साठत गेले, आणि १९६२ पासून त्यातल्या काही रुपयांची पुस्तकं घ्यायला सुरुवात झाली, लायब्ररी ऑफ काँग्रेसने दिल्लीत ऑफिस उघडलं आणि भारतातल्या भाषांमधली छापील पुस्तकं जहाजाने तिकडच्या विद्यापीठांकडे जायला लागली. त्यात मराठीही होती. म्हणजे आजीने रांगेत उभं राहून घेतलेल्या गव्हाच्या पैशातून कुणाचातरी कवितासंग्रह शिकागोला गेला असणार. त्याच दिल्ली ऑफिसने २००० च्या सुमाराला दक्षिण आशियातल्या लेखकांना माइकसमोर बसवून त्यांचंच लेखन त्यांच्याच आवाजात वाचून घेतलं, मराठी लेखकही त्यात आहेत. मी ते ऐकलंय, रात्री, मुलुंडमध्ये, मराठी माणसाचं मराठी वाचन वॉशिंग्टनच्या सर्व्हरवरून. राग आला असं नाही म्हणणार. जरा विचित्र वाटलं एवढंच.

आपल्याकडे आवाजासाठी काही झालंच नाही असंही नाही. आकाशवाणी आहे, एनसीपीएमध्ये पु. ल. आणि अशोक दा. रानडे यांच्यासारख्या माणसांनी ध्वनिमुद्रणाकडे मनापासून लक्ष दिलं. वपुंचं कथाकथन, शिवाजीराव भोसल्यांची व्याख्यानं, बाबासाहेब पुरंदऱ्यांचं शिवचरित्र, या कॅसेटी घरोघरी होत्या. पण हे सगळे आधीच मोठे झालेले आवाज. मी म्हणतेय ते मंगळवारचं व्याख्यान, साठ लोकांसमोरचं, ज्यातला वक्ता पाणीपुरवठा खात्यातून रिटायर झालेला इंजिनिअर आहे किंवा गिरणीत हिशेबनीस होता.

कायद्याने बघायचं तर आपल्याकडेही १९५४ सालीच (हो, तेच साल!) पुस्तकांसाठी कायदा झाला. देशात कुठेही पुस्तक छापलं की तीस दिवसांच्या आत प्रकाशकाने स्वखर्चाने एकेक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन लायब्ऱ्यांना पाठवायची. त्या तिनांतली एक मुंबईत, टाउन हॉलमधली सेंट्रल लायब्ररी. टाउन हॉल म्हणजे एशियाटिक, त्या तीस पायऱ्या, जिथे आता रोज संध्याकाळी कुणाचंतरी प्री-वेडिंग शूट चालू असतं आणि मी ऑफिस सुटल्यावर लेहंग्यांच्या कडेकडेने वर चढते. एशियाटिक सोसायटी मूळ १८०४ ची, इमारत १८३३ ची, वरच्या दरबार हॉलमध्ये भाषणं होतात, म. म. पां. वा. काण्यांचं आयुष्य ज्या संस्थेत गेलं ती ही. पण १९५४ च्या कायद्यात पुस्तक येतं, नकाशा येतो, छापलेलं स्वरलेखन येतं, १९५६ पासून वर्तमानपत्रंही येतात, आवाज येत नाही. म्हणजे शंभर प्रती छापलेलं आणि कुणीही न वाचलेलं प्रस्तावनाबहाद्दर पुस्तक कोलकात्यात फडताळात सुरक्षित आहे, आणि दीडशे लोकांनी श्वास रोखून ऐकलेलं भाषण हॉलचे दिवे गेले की गेलं.

आता तर सगळं रेकॉर्ड होतं, फोन आहेत की, असं म्हणाल. होतं खरंच. प्रत्येक व्याख्यानात तिसऱ्या रांगेत एक हात वर असतो. फेसबुक लाइव्ह होतं, त्याचा फोटो ग्रुपवर येतो, 'ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी', आणि सहा महिन्यांनी ते शोधायला गेलं तर सापडत नाही कारण नाव आहे 'लाइव्ह' आणि खाली तारीखसुद्धा फेसबुकची. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या रेकॉर्डिंगखाली बघा, कार्यक्रम कधी झाला, कुठे झाला, कोण बोललं, परिचय कुणी करून दिला, विषय कुठल्या कप्प्यात, किती मिनिटं, बऱ्याच ठिकाणी सगळं बोलणं टाइप केलेलं. पुस्तकाचं कार्ड करावं तसं भाषणाचं कार्ड. मी आधी समजायचे की त्यांचे कॅमेरे चांगले आहेत म्हणून ते चांगलं. कॅमेरे आता आपल्याकडेही आहेत, कार्ड कुणी करत नाही.

हे मला नीट कळलं ते आमच्या तळमजल्यावरच्या काकांच्या कॅसेटीमुळे. काका वर्षानुवर्षं एका व्याख्यानमालेचे कार्यकर्ते, खुर्च्या लावणं, सतरंज्या, चहा, आणि स्वतःचा टेपरेकॉर्डर घेऊन पहिल्या रांगेत. मागच्या वर्षी बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला निघाली तेव्हा त्यांनी मला बोलावलं. 'अगं, हे घेऊन जा, सून टाकून देईल.' बुटांचे खोके, त्यात कॅसेटी. मुंबईची हवा टेपला अजिबात मानवत नाही, चुंबकीय थर ज्या चिकट पदार्थाने धरलेला असतो तो दमटपणा ओढून घेतो, वर बुरशी येते, पांढरी, गोल गोल. काही कॅसेटी तर उघडल्यावर वासानेच कळलं की संपलं. लॅमिंग्टन रोडला एकाकडून जुना डेक रबर बेल्ट बदलून घेतला, बुरशीवाल्या टेपा कापसाने पुसत पुसत फिरवल्या आणि हळूहळू कॉम्प्युटरवर घेतल्या. पुष्कळशा चालल्या.

बऱ्याच कॅसेटींवर काकांच्या अक्षरात काहीतरी आहे. एकीवर फक्त 'वसंत, पाणी'. ही ऐकाच अशी आहे. मुंबईच्या पाण्यावर बोलणारा माणूस, आवाज जरा घोगरा, मध्ये मध्ये पाणी पितो आणि त्यावरही विनोद करतो. विहार तलाव १८६० चा, मग तुळशी १८७९, तानसा १८९२, हे तो पाठ म्हटल्यासारखं सांगत नाही, कुठल्या उंचीवरून पाणी नुसत्या उतारावर शहरात येतं हे हाताने दाखवत असावा कारण मध्येच म्हणतो 'हे बघा, असं'. लोक हसतात. काय दाखवलं ते आपल्याला कधीच कळणार नाही. मग कॅसेटची बाजू संपते, काका ती उलटवेपर्यंत अर्धं वाक्य गायब, आणि पुढच्या बाजूला आपण थेट वैतरण्यात.

सगळ्यात भारी शेवट आहे. एक बाई विचारतात, माईकपासून लांब आहेत पण आवाज खणखणीत, की आमच्या चाळीत पाणी पहाटे चारलाच का येतं, चारला उठून पाणी भरणारी बाई दिवसभर काय काय करते ते पालिकेत कुणाला माहिती आहे का. टाळ्या. तो माणूस टाळ्या थांबू देतो आणि नीट उत्तर देतो, टोलवाटोलवी न करता. सगळ्या शहराला एकदम पुरेल एवढा दाब नळात नसतो म्हणून भाग पाडलेत, एका भागाचं बंद करून दुसऱ्याचं उघडायचं, आणि हे काम रस्त्यावरचे चावीवाले हाताने करतात, तुमच्या भागाची पाळी चारची आहे. मग बाई म्हणतात, पाळी बदलत का नाही? एक वर्ष आम्हाला चार, एक वर्ष मलबार हिलला. हॉल फुटतो. तो माणूसही हसतो आणि म्हणतो, बाई, मी रिटायर झालो म्हणून तुमच्या बाजूने बोलू शकतो. इथे अध्यक्ष आभाराला उठतात.

आता हा माणूस कोण? माहीत नाही! कारण काका परिचयाला टेप चालवायचेच नाहीत. कॅसेट साठ मिनिटांची, विकत घ्यायची स्वतःच्या पैशाने, त्यात प्रास्ताविक आणि शाल-श्रीफळ कोण भरणार. वक्त्याने 'अध्यक्षमहाराज' म्हटलं की काका बटण दाबायचे. खोक्यातली बहुतेक भाषणं अशी, बिनडोक्याची, म्हणजे अक्षरशः. आभारात आडनाव तरी येईल म्हणून मी ऐकत राहिले तर तिथे 'आजच्या वक्त्यांचे' आभार आहेत, मंडपवाल्याचं मात्र पूर्ण नाव आहे, माइकवाल्याचंही. ज्या पंधरा मिनिटांत आम्ही मागच्या खुर्च्यांवर जांभया द्यायचो त्यात जन्मसाल, खातं, हुद्दा, गाव सगळं होतं, कुणीतरी घरी बसून फुलस्केपवर लिहून आणलेलं, आणि तेवढंच टेपवर नाही.

साल मात्र लागलं. मध्ये एकदा तो म्हणतो की गेल्या महिन्यात पहाटे उठून धूमकेतू कुणाकुणाला दिसला, आणि हॉलमधून 'नाही दिसला' असा ओरडा होतो. हॅलेचा धूमकेतू, म्हणजे १९८६ चा वसंत. मुंबईच्या आकाशात तेव्हाही काही दिसत नव्हतं म्हणायचं. मग मी त्या मंडळाचे जुने वार्षिक अहवाल मिळतात का बघितलं, एका माजी पदाधिकाऱ्यांकडे काही वर्षांचे होते, नेमका तो नाही. काकांना विचारलं तर ते म्हणतात, 'अगं ते ते, उंच होते, पांढरा शर्ट.' पालिकेतल्या ओळखीच्या ओळखीकडे आवाजाचा तुकडा पाठवून झाला. दोघांनी दोन वेगळी नावं सांगितली, दोन्ही छातीठोकपणे.

आणि फाइल टाकायची कुठे? यूट्यूबवर टाकणं दोन मिनिटांचं काम आहे, पण आपला कॉपीराइट कायदा म्हणतो की जाहीर भाषणाचा पहिला मालक ते भाषण करणारा, आयोजक नाही, टेप चालवणारा तर नाहीच. मग परवानगी मागायची कुणाकडे, नावच नाही. आणि त्या बाई? त्यांना तर कुणी सांगितलंही नव्हतं की पहिल्या रांगेत टेप चालू आहे. त्या आता कुठे असतील, असतील का, चाळ तरी आहे का. मला त्यांचा आवाज जगाला ऐकवायचाय आणि तेवढंच वाटतं की विचारायला हवं होतं. एखाद्या लायब्ररीला सगळा संच देऊन टाकावा हा एक मार्ग आहे, पण तिथेही पहिला फॉर्म भरताना पहिला रकाना वक्त्याच्या नावाचा असणार. नुसतं हार्ड डिस्कवर ठेवून निवांत व्हावं असंही नाही, ब्रिटिश लायब्ररीसारख्या ठिकाणी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सायबर हल्ला झाला आणि त्यांचा आवाजांचा ऑनलाइन संग्रह कितीतरी महिने बंद पडला, तर माझ्या कपाटातल्या डिस्कची काय कथा.

सध्या मी एवढंच करतेय की प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला माझ्या आवाजात काय माहिती आहे ते बोलून ठेवते. मंडळ कुठलं, साल अंदाजे का नक्की, टेप कुणी केली, बाजू कुठे उलटली, कुठे बुरशीमुळे आवाज जातो. ऐकायला कंटाळवाणं आहे. काकांना एक फाइल ऐकवली तर ते म्हणाले, 'हे एवढं लांबण कशाला लावलंस सुरुवातीला?'

पाण्याच्या कॅसेटबद्दल त्यांचं मत वेगळंच आहे. परवा नवीन भाड्याच्या जागी त्यांना भेटायला गेले, विसाव्या मजल्यावर, नळाला चोवीस तास पाणी, खूश आहेत. मी परवानगीचं सगळं सांगितलं तर हात झटकून म्हणाले, 'टाक गं, कोण येतंय विचारायला.'

मी म्हटलं, 'काका, कुणी आलं तर बरंच की, नाव तरी कळेल.'